डॉक्टर फोनवर आला. पण बोलायला खोली कुठे आहे?

केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या दूरवैद्यकीय सेवेने फेब्रुवारी 2023 मध्ये 10 कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मराठीसह अनेक भाषांत मोफत मिळतो. डॉक्टर गावात येत नसेल तर मोबाइलवर येईल, असे आता सरकारही सांगते आणि खासगी कंपन्याही सांगतात. या सेवांचा उपयोग झाला, यात शंका नाही. गुडघेदुखी, मधुमेह, त्वचेचे विकार यांसाठी तालुक्याला घातलेल्या असंख्य फेऱ्या वाचल्या.

पण ज्यांना दवाखान्याच्या दारातून आत जाण्याचीच भीती वाटते, त्यांच्यापर्यंत ही सोय पोहोचली का? आम्ही हा प्रश्न ट्रान्स तरुण-तरुणींच्या संदर्भात विचारतो आहोत. वरवर पाहिले तर दूरवैद्यकीय सेवा जणू त्यांच्यासाठीच बनली आहे. रांग नाही, टक लावून पाहणाऱ्या नजरा नाहीत, केसपेपरवरचे नाव मोठ्याने पुकारणारा कर्मचारी नाही. तरीही वस्तीत काम करताना आम्हाला दिसते ते वेगळे आहे. फोनमुळे अंतर मिटते, पण एकांत मिळत नाही. आणि या मुलांना अंतराइतकीच, कधी त्याहून जास्त, गरज एकांताची असते. हा एकांत सरकारी अॅप देऊ शकत नाही. तो आपल्यालाच, म्हणजे वस्तीतल्या संस्थांना आणि कार्यकर्त्यांना, उभा करावा लागेल.

आपण कोणाबद्दल बोलतो आहोत?

'तृतीयपंथी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिग्नलवर किंवा रेल्वेत टाळी वाजवून पैसे मागणारी व्यक्ती येते. ती या समूहाचा एक भाग आहे, सगळा समूह नव्हे. जन्माच्या दाखल्यावर 'मुलगा' लिहिले गेले पण जी स्वतःला मुलगी म्हणून ओळखते, ती ट्रान्स स्त्री. 'मुलगी' लिहिले गेले पण जो स्वतःला मुलगा म्हणून ओळखतो, तो ट्रान्स पुरुष. काही जण या दोन्ही चौकटींत बसत नाहीत. यांतले बहुतेक जण कोणत्याही डेऱ्यात नसतात, गुरूकडे नसतात. ते आपल्याच घरात असतात, आपल्याच कॉलेजात बारावी-पदवी करत असतात, आपल्याच अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेले असतात.

2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद झालेले 4,87,803 लोक देशात होते, महाराष्ट्रात 40,891. हा आकडा खरा मानायचा तरी तो घरातल्या मोठ्या माणसाने प्रगणकाला जे सांगितले त्याचा आकडा आहे. विशीतल्या मुलाने जे घरात कधी उच्चारलेच नाही, ते जनगणनेत कसे येणार?

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नालसा खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम 15 ने हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया आणि त्याआधी-नंतरचे समुपदेशन उपलब्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2022 पासून लागू केलेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांच्या यादीतून बाहेर काढला. कागदावर बरेच काही घडले आहे. पण कागद आणि दवाखाना यांच्यात जी दरी असते, ती आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही. अस्पृश्यता कायद्याने संपल्यावरही ती पाणवठ्यावर किती वर्षे टिकली, हे आपल्या आजी-आजोबांना माहीत होते.

फोनवर काय होते, काय होत नाही

आधी या सेवेची खरी ताकद पाहू. सिरोंच्याहून नागपूरला यायचे तर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास. त्यासाठी मजुरीचे दोन-तीन दिवस बुडतात, राहण्याचा खर्च होतो आणि घरी सांगायला एक कारण शोधावे लागते. लिंगभावाचा विषय समजणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि हार्मोनतज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांत आहेत. 25 मार्च 2020 रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो. म्हणजे मुंबईचा डॉक्टर सिरोंच्याच्या मुलाशी बोलू शकतो आणि त्यासाठी कोणाची वेगळी परवानगी लागत नाही.

समुपदेशन, पहिली माहिती, रिपोर्ट वाचून दाखवणे, चालू औषधाच्या मात्रेबद्दल पुढचा सल्ला आणि प्रत्यक्ष कुठे जायचे याचे मार्गदर्शन ही कामे फोनवर चांगली होतात. याचा सर्वांत मोठा फायदा जीव वाचण्याशी आहे. डॉक्टर मिळत नाही म्हणून अनेक ट्रान्स मुली मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच खातात. कोणी मैत्रिणीने सांगितले म्हणून रोज दोन, कोणी चार. या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. धूम्रपान असेल तर तो आणखी वाढतो. ट्रान्स मुलगे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने कुठून तरी मिळवतात. त्याने रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होऊ शकते. योग्य डॉक्टरशी वीस मिनिटांचे बोलणे झाले तरी यातले बरेच टळू शकते.

आता मर्यादा. रक्त फोनवर काढता येत नाही. हार्मोन उपचार सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी लागते. रक्तदाब मोजावा लागतो, कोणाला इंजेक्शन घ्यावे लागते. म्हणजे डॉक्टर दूर असला तरी एक नर्स, एक लॅब आणि एक औषधाचे दुकान जवळच लागते. तिथे पुन्हा तेच प्रश्न उभे राहतात: नाव काय, हे औषध कशाला, सोबत कोण आले आहे? नुसता व्हिडिओ कॉल म्हणजे अर्धा दवाखाना. उरलेला अर्धा वस्तीतच उभा करावा लागतो.

दहा बाय दहाच्या खोलीतला फोन

दूरवैद्यकीय सेवेची सगळी आखणी एक गोष्ट गृहीत धरते. रुग्णाकडे स्वतःचा फोन आहे आणि दार लावून बोलायला जागा आहे. आपल्या किती घरांत हे आहे?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतःच्या वापरासाठी मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे 54 टक्के होते. ट्रान्स मुलगा घरात 'मुलगी' म्हणूनच वाढत असतो. मुलींच्या फोनवर जी नजर असते, ती त्याच्या फोनवरही असते. फोन भावाचा, रिचार्ज वडिलांचा, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. ओटीपी आला की आई विचारते, कसला आहे? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहत असताना "मला पाळी आली की जीव नकोसा होतो" हे वाक्य कोणत्या कोपऱ्यात उभे राहून बोलायचे? आमच्या ओळखीच्या मुलांनी ही बोलणी पाण्याच्या टाकीवर चढून केली आहेत, बंद शाळेच्या मागे केली आहेत, एसटी स्टँडच्या गोंगाटात केली आहेत. नेटवर्क तुटते, माणूस आडवा येतो, कॉल कापावा लागतो. डॉक्टरच्या नोंदीत तो 'रुग्णाने प्रतिसाद दिला नाही' असा जातो.

ई-संजीवनीचा दुसरा मार्ग उपकेंद्रातून जातो. आयुष्मान आरोग्य मंदिरातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून तज्ज्ञाशी जोडून देतो. इतर आजारांसाठी ही पद्धत चांगली आहे. पण गावातल्या उपकेंद्रात बाकावर बसलेल्या प्रत्येकाला आपण कोणाचे कोण ते माहीत असते. आशाताई आपल्याच आळीतल्या असतात. त्या वाईट नसतात. पण घरी कळेल ही भीती त्यांच्या चांगुलपणाने जात नाही. गोपनीयता ही तिथल्या माणसाच्या स्वभावावर सोडून चालत नाही, त्यासाठी व्यवस्था लागते.

अठराच्या आतली मुले

सर्वांत अडचणीत आहेत ती अठरा वर्षांखालची मुले. मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन रुग्णाला फोनवर सल्ला द्यायचा तर सोबत प्रौढ व्यक्ती हवी आणि तिची ओळख डॉक्टरने पटवून घ्यायला हवी. नियमामागचा हेतू मुलांच्या सुरक्षिततेचा आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्या मुलाला घरच्यांच्याच माराची भीती आहे, त्याने कोणाला सोबत घेऊन बसायचे?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सोळा वर्षांच्या मुलासाठी दूरवैद्यकीय सेवा म्हणजे हार्मोनची चिठ्ठी नव्हे. आपल्याकडे तो प्रश्न साधारणपणे अठरानंतरच येतो. त्याला हवे असते ते कोणीतरी ऐकून घेणे, शाळेतला छळ कसा थांबवायचा याचा सल्ला, आत्महत्येचा विचार मनात आला तर धरायला एक हात. यासाठी 14416 आहे, 1098 ही बालकांची हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून दहा ते एकोणीस वयोगटासाठी चालू आहे. महाराष्ट्रात त्याची केंद्रे 'मैत्री क्लिनिक' या नावाने ओळखली जातात. तिथल्या समुपदेशकांना या विषयाचे प्रशिक्षण द्या, ही मागणी अवाजवी नाही. पैसे नव्याने लागत नाहीत, इमारत नव्याने लागत नाही.

स्क्रीनच्या पलीकडे कोण बसले आहे?

समजा फोन मिळाला, जागाही मिळाली. पलीकडचा डॉक्टर काय बोलेल? मद्रास उच्च न्यायालयाने 7 जून 2021 च्या निकालात लैंगिकता किंवा लिंगओळख 'बरी' करण्याच्या उपचारांवर बंदी घालायला सांगितले. त्यानंतर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. पण त्याच आयोगाने ऑगस्ट 2024 च्या अखेरीस काढलेल्या एमबीबीएसच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात समलैंगिक संबंध पुन्हा 'अनैसर्गिक' गुन्ह्यांच्या यादीत घातले. गदारोळ झाल्यावर काही दिवसांत तो मागे घेतला गेला. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्याच मनात जर एवढा गोंधळ असेल, तर दिवसाला पन्नास कॉल घेणाऱ्या डॉक्टरकडून कोणती अपेक्षा ठेवायची?

व्हिडिओ कॉलवर हिडीसफिडीस केली जाणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे आहे. "लग्न लावून द्या, ठीक होईल" हा सल्ला फोनवरूनही देता येतो. म्हणून किती कॉल झाले यापेक्षा ते कोणाशी झाले, हे महत्त्वाचे आहे. ई-संजीवनी आणि टेलि-मानस या दोन्हींत या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची वेगळी ओपीडी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी असावी. एका राज्यासाठी आठवड्यातून दोन दिवस जरी ती चालली तरी फरक पडेल.

परक्या पैशावरचा दिवा

2021 मध्ये हैदराबादला 'मित्र' क्लिनिक सुरू झाले. ट्रान्स समुदायातली माणसेच ते चालवत होती. पुढे कल्याण आणि पुण्यातही अशी केंद्रे उघडली. एचआयव्ही तपासणी, समुपदेशन, हार्मोनविषयी मार्गदर्शन हे सगळे एका छताखाली मिळत होते आणि समोर आपल्यासारखाच माणूस बसलेला होता. या कामाला अमेरिकी सरकारची मदत होती. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सत्ताबदल झाला, परदेशी मदत थांबली आणि तिन्ही शहरांतले काम बंद पडले. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि कल्याणमधले दार बंद झाले.

आपल्या सरकारकडेही योजना आहे. ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारत अंतर्गत ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या विम्याचा करार झाला. पण त्यासाठी ओळख प्रमाणपत्र हवे. प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यात पत्ता द्यायचा आणि तो पत्ता त्याच घराचा, जिथे अजून काही सांगितलेले नाही. पुन्हा घरापाशीच येऊन थांबावे लागते.

बाबासाहेबांनी हा खटला लढला होता

काही जण म्हणतील, आपल्या समाजापुढे शिक्षण, नोकऱ्या, अत्याचार असे मोठे प्रश्न असताना हा विषय कशाला? त्यांना 1934 ची आठवण करून द्यायला हवी.

र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. त्यात वाचक लैंगिक आरोग्याविषयी पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरे देत. जे घरात विचारता येत नव्हते, फॅमिली डॉक्टरला विचारता येत नव्हते, ते लोक टपालाने विचारत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर हीसुद्धा दूरवैद्यकीय सेवाच. त्या उत्तरांत हस्तमैथुन आणि समलैंगिकता हे विषय आले म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. मुंबईत त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, आणि लोक शंका विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण ज्या काळात बाबासाहेबांसमोर काळाराम मंदिराचा सत्याग्रह होता, पुणे करारानंतरचे राजकारण होते, त्या काळात त्यांनी हा विषय बाजूला सारला नाही.

ट्रान्स तरुण हे आपल्या समाजाबाहेरचे कोणी नाहीत. ते आपल्याच घरात जन्मलेले आहेत आणि जात त्यांनाही सुटलेली नाही. डेऱ्यात गेले तरी नाही, शहरात गेले तरी नाही. गरीब, दलित आणि ट्रान्स असा तिहेरी भार घेऊन जो मुलगा दवाखान्याच्या दारात उभा राहतो, त्याला आपण पहिल्यांदा काय विचारणार?

एक खोली, दोन तास, एक सोबती

सरकारकडे मागण्या करायच्याच आहेत. पण एक गोष्ट आपल्या हातात आज आहे. जवळपास प्रत्येक मोठ्या वस्तीत विहार आहे, त्याला लागून वाचनालय किंवा अभ्यासिका आहे. तिथे तरुण मुले-मुली रोज येतात-जातात, म्हणून कोण कशाला आले हे कोणी विचारत नाही. दूरवैद्यकीय सेवेला जी जागा हवी आहे, ती हीच. आमचा प्रस्ताव साधा आहे.

अभ्यासिकेतली एक खोली आठवड्यातून दोन तास दार बंद करून कोणालाही फोनवर डॉक्टरशी किंवा समुपदेशकाशी बोलण्यासाठी मोकळी ठेवा. ती फक्त 'ट्रान्स मुलांची खोली' म्हणून जाहीर करू नका. तसे केले तर एकही जण फिरकणार नाही. बाळंतपणानंतर खचलेली सून, परीक्षेच्या ताणाने झोप उडालेला मुलगा, दारू सोडू पाहणारा बाप, सगळ्यांनाच ती लागणार आहे. गर्दीत मिसळण्याची सोय हेच तिथले खरे संरक्षण.

नियम थोडे, पण कडक हवेत. नावांची वही ठेवायची नाही. कॉलची नोंद आणि चॅट संस्थेच्या फोनमधून लगेच पुसायचे. इयरफोन द्यायचा, फोटो काढायचा नाही, कार्यक्रमाच्या अहवालात 'लाभार्थी' म्हणून कोणाला उभे करायचे नाही. मुलाने ज्या नावाने हाक मारायला सांगितले, त्याच नावाने हाक मारायची. घरी कळवायचे की नाही, कधी आणि कसे, हे त्याचे तो ठरवेल. जीवाला धोका दिसला तर काय करायचे, हे मात्र त्याला आधीच स्पष्ट सांगायचे.

दुसरी गरज सोबत्याची. रक्त तपासायला, शहरातल्या रुग्णालयात, प्रमाणपत्रासाठी जिल्हा कार्यालयात सोबत जाणारा एक कार्यकर्ता. तिसरी गरज आपल्याच डॉक्टरांची. आरक्षणाच्या लढ्यातून शिकून डॉक्टर झालेली एक पिढी आज शहरांत स्थिरावली आहे. त्यांच्याकडे वर्गणी मागायला आपण जातो. या वेळी आठवड्याचे दोन तास मागू. ज्यांनी हा विषय शिकलेला नाही त्यांनी आधी तो शिकावा, मगच बसावे. मुंबईतली हमसफर ट्रस्ट, पुण्यातली समपथिक, नागपूरची सारथी अशा संस्थांनी अनेक वर्षे हे काम केले आहे. ट्रान्स कार्यकर्त्यांना शिकवायला बोलावू, त्यांच्या वतीने आपणच बोलत बसायला नको.

गावोगावच्या विहार समित्यांत हा विषय मांडला की कुजबुज होईल, कोणी हसेल, कोणी उठून जाईल. होऊ द्या. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर तो पुन्हा घ्या. अभ्यासिकेच्या शेवटच्या बाकावर बसलेले एक मूल ते सगळे ऐकत असते. या खोलीत आपल्याला बोलता येईल की नाही, हे ते त्याच दिवशी ठरवते.